शिकवणाऱ्याचं नाव कोण लिहिणार?

सप्टेंबरमध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन दिवस येतात. ५ तारखेला शिक्षक दिन, १५ तारखेला अभियंता दिन. पहिला डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिनी, दुसरा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या. अभियांत्रिकी शिकवणाऱ्या माणसाचा खरं तर दोन्ही दिवसांवर हक्क आहे. पण शिक्षक दिनाला आपल्याला शाळेतल्या बाई आणि सर आठवतात, अभियंता दिनाला धरणं आणि पूल. ज्याने कॉलेजात मशीनचं डोकं उघडून दाखवलं, तो दोन्हीकडून सुटतो.

विश्वेश्वरय्यांचं नाव आलंच आहे, तर नाशिककरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १८८३ मध्ये ते उत्तीर्ण झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक आपल्या नाशिकला होती. पुढे म्हैसूरचे दिवाण झाल्यावर त्यांनी १९१७ मध्ये बंगळुरूला अभियांत्रिकी महाविद्यालय उभं केलं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, तंत्रशिक्षण देणाऱ्या उत्तम शिक्षकांसाठी जो पुरस्कार सुरू केला, तो याच विश्वेश्वरय्यांच्या नावाने.

असे पुरस्कार आणखीही आहेत. इंडियन सोसायटी फॉर टेक्निकल एज्युकेशनच्या राष्ट्रीय पुरस्कारांत अभियांत्रिकीच्या होतकरू शिक्षकासाठीचा एक पुरस्कार आपल्या महाराष्ट्राच्या राजारामबापू पाटलांच्या नावाने दिला जातो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून आहे, पण तो कित्येक दशकं फक्त शालेय शिक्षकांसाठी होता. २०२३ मध्ये पहिल्यांदा त्यात उच्च शिक्षणातले प्राध्यापक आणि कौशल्य विकास मंत्रालयाखालचे, म्हणजे आयटीआयसारख्या संस्थांतले, निदेशक आले. त्या वर्षी राष्ट्रपतींच्या हस्ते ७५ शिक्षकांचा गौरव झाला. त्यांपैकी ५० शाळांतले होते, १३ उच्च शिक्षणातले आणि १२ कौशल्य क्षेत्रातले. पुरस्कारात प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५० हजार रुपये मिळतात. अमेरिकेत तर खास मेकॅनिकलच्या उत्कृष्ट शिक्षकासाठी राल्फ कोट्स रो यांच्या नावाचा पुरस्कार आहे.

म्हणजे पुरस्कारांची सोय बऱ्यापैकी आहे. अडचण अशी की चांगलं शिकवणं वर्गात घडतं आणि तिथेच विरून जातं. शोधनिबंधाची प्रत असते, पेटंटला क्रमांक असतो, पण मुलाला न कळलेली गोष्ट कळली त्या क्षणाची पावती कुणी फाडत नाही. त्याचा साक्षीदार एकच, तो विद्यार्थी. माझं म्हणणं एवढंच आहे की ही साक्ष आपण लेखी दिली पाहिजे. आणि मुस्लिम तरुणांनी तर नक्कीच, कारण चांगल्या शिक्षकावाचून सर्वात जास्त अडतं ते आपलं.

मेकॅनिकल चांगलं शिकवणं म्हणजे काय

मी मेकॅनिकल शिकलो आणि आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. तुमच्यापैकी अनेकांची गोष्ट हीच असेल. रोजच्या कामात मला थर्मोडायनॅमिक्स लागत नाही. पण एखादी गोष्ट का चालते हे कळेपर्यंत थांबायचं नाही, ही सवय मला मेकॅनिकलच्या एका सरांनी लावली. त्यांचं नाव इथे छापत नाही, न विचारता छापलेलं त्यांना आवडणार नाही. संस्थेकडे पाठवलेल्या पत्रात ते आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. द्वारका भागात त्याच्या अब्बांचं गॅरेज होतं. गणितात केटी लागलेली आणि इंग्रजी पुस्तकाची धास्ती घेतलेली, त्यामुळे तो कायम शेवटच्या बाकावर. इंजिनच्या तासाला सरांनी फिलर गेज आणलं आणि विचारलं, "हे कुणी वापरलंय?" त्याचा एकट्याचा हात वर. सरांनी त्याला पुढे बोलावलं. टॅपेट सेटिंग करताना गॅप किती ठेवतोस? तो म्हणाला, गाडीनुसार, पण इनटेकला कमी आणि एक्झॉस्टला जास्त. का? "एक्झॉस्ट जास्त तापतो, सर. गॅप ठेवला नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्ह जळतो."

मग सरांनी फळ्यावर गणित मांडलं. पोलादाची लांबी दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे १२ भाग इतकी वाढते. १०० मिलिमीटर लांबीची दांडी २०० अंशांनी तापली, तर ती ०.२४ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ पाव मिलिमीटरने लांब होईल. इंजिनाचं हेडही तापतं, त्यामुळे खरा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो. पण आकड्याचा अंदाज बघा. फिलर गेजची जी पाती हा मुलगा लहानपणापासून अब्बांच्या हातात देत होता, तिची जाडी याच्याच आसपासची. सर म्हणाले, "याला उत्तर आधीच माहीत होतं, मी फक्त त्याचं सूत्र लिहिलं." त्या दिवसानंतर तो मुलगा शेवटच्या बाकावर बसला नाही.

मला उत्कृष्ट शिकवण्याची व्याख्या विचाराल तर ती ही आहे. मुलाच्या हातात आधीच असलेलं ज्ञान ओळखायचं आणि त्याला पुस्तकातल्या ज्ञानाशी जोडून द्यायचं. आपल्या घरांत असं हातातलं ज्ञान भरपूर आहे. मालेगावचा यंत्रमाग घ्या. साध्या मागावर क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्या शाफ्टचा एक फेरा होतो. कारण धोटा एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे गेला की मगच मागाचं एक चक्र पूर्ण होतं. आता फोर-स्ट्रोक इंजिन बघा. तिथेही क्रँकशाफ्टचे दोन फेरे आणि कॅमशाफ्टचा एक, कारण चार स्ट्रोकचं चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होतं. मागावर वाढलेल्या मुलाला इंजिनातला हा हिशेब पाठ करावा लागू नये. तो त्याने धोट्याच्या आवाजात लहानपणापासून ऐकलेला आहे. फक्त कुणीतरी बोट ठेवून दाखवायला हवं. अम्मीच्या शिलाई मशीनचं घ्या. पायदान, वर जाणारी कांब, चाकाचा क्रँक आणि लोखंडी चौकट मिळून फोर-बार मेकॅनिझम होतो. थिअरी ऑफ मशीन्सच्या पुस्तकात त्याची आकृती असते, पण पुस्तकाला हे ठाऊक नसतं की वाचणाऱ्याच्या घरात तो रोज खडखडतो आहे.

याच्या उलटं शिकवणंही आपण सगळ्यांनी पाहिलंय. सिनिअरचं जर्नल उतरवायचं, ड्रॉइंगची शीट काचेखाली दिवा लावून जीटी मारायची, सबमिशनच्या आठवड्यात सह्या गोळा करायच्या. शिकवणाऱ्याचं सही करून भागतं, शिकणाऱ्याचं पास होऊन भागतं. चार वर्षांनी पदवी हातात येते, पण व्हर्निअर हातात दिला की रीडिंग सांगता येत नाही.

मेकॅनिकल आणि मुसलमान हे शब्द एकत्र आले की व्हॉट्सॲपवर अल-जझारी फिरतो. आपल्याकडे हे होतं, आपण ते शोधलं, वगैरे. अल-जझारी थोर होताच. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकरच्या आर्तुकी दरबारात त्याने काम केलं आणि १२०६ मध्ये यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. पण मला त्यात सर्वात मोठी वाटणारी गोष्ट त्या फॉरवर्डमध्ये कधी नसते. त्याने प्रत्येक यंत्राचे भाग, त्यांची मापं, साहित्य आणि जोडणीचा क्रम असा लिहून ठेवला की दुसऱ्या कारागिराला ते बनवता यावं. १९७६ मध्ये लंडनला त्याच्या ग्रंथावरून त्याचं पाण्यावर चालणारं मोठं घड्याळ नव्याने बनवण्यात आलं. लिहिणारा जाऊन शतकं लोटली होती, तरी त्याचं शिकवणं काम करत होतं. अल-जझारीचा अभिमान बाळगायचा असेल तर तो शोधक म्हणून बाळगा, पण शिक्षक म्हणूनही बाळगा.

हे आपल्याला का हवं

आकडे तुम्ही अनेकदा वाचले असतील, तरी दोन सांगतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एक मुस्लिम होता. पदव्युत्तर पातळीवर ५० मध्ये एक. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सर्वेक्षणात उच्च शिक्षणातल्या एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचा वाटा ४.६ टक्के निघाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के आहे.

या आकड्यांमागे गरिबी आहे, भेदभाव आहे, मुलींच्या शिक्षणाबद्दलची आपली स्वतःची कुचराई आहे. हे सगळं आपल्या अंकांतून येतच असतं. मी त्यातली एक कमी बोलली जाणारी गोष्ट पुढे ठेवतो आहे. ज्याच्या घरात दोन पिढ्या इंजिनिअर आहेत, तो वाईट शिक्षकातूनही निभावून जातो. काका समजावतात, बहीण नोट्स देते, क्लास लावायला पैसे असतात. पहिल्या पिढीच्या मुलाला यातलं काहीच नसतं. तो उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेला असतो आणि पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजीतला 'मोमेंट ऑफ इनर्शिया' त्याच्या अंगावर येतो. त्याला अर्थ सांगणारा एकच माणूस आसपास असतो आणि तो म्हणजे वर्गातला शिक्षक. तो चांगला निघाला तर मुलगा तरतो. नाही निघाला तर केटी, मग इयर डाऊन, मग "अब्बा, मी गॅरेजच बघतो." गॅरेज बघण्यात कमीपणा काही नाही, पण तो पर्याय त्याने निवडलेला असावा, त्याच्यावर येऊन पडलेला नसावा.

आणि नाशिकमध्ये हे जास्त महत्त्वाचं आहे. सातपूर आणि अंबडची एमआयडीसी, महिंद्रा आणि बॉशचे कारखाने, ओझरचं एचएएल, सिन्नरच्या वसाहती. हे शहर मेकॅनिकलवर उभं आहे. या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप आहेत, त्यांत आपली मुलं लेथवर आहेत, वेल्डिंगला आहेत, फिटर आहेत. त्याच कारखान्यांच्या डिझाइन, क्वालिटी आणि प्लॅनिंगच्या खुर्च्यांवर मात्र ती कमी दिसतात. लेथपासून त्या खुर्चीपर्यंत जाणारी वाट आयटीआय, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या वर्गातून जाते. त्या वाटेवर सगळ्यात जास्त भेटणारा माणूस शिक्षक असतो.

आजच्या वातावरणात आणखी एक गोष्ट आहे. वर्गात हजेरी घेताना तुमचं नाव नीट उच्चारणारा, बाहेर काही घडलं असेल त्या दिवशीही तुमच्याशी कालच्यासारखाच वागणारा, कॅम्पस मुलाखतीआधी "तुझं होईल" असं सांगणारा शिक्षक किती मोलाचा असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यासाठी पुरस्काराच्या अर्जात रकाना नाही. तो रकाना भरणं आपल्याच हातात आहे.

पुरस्कारांवरचे आक्षेप

एक मित्र म्हणाला, "पुरस्कार म्हणजे फाईल. ज्याची फाईल जाड, त्याला पुरस्कार." यात तथ्य आहे. उच्च शिक्षणात शिक्षकाचं मोजमाप शोधनिबंध, पेटंट, प्रकल्पांचा निधी आणि प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं यांवर सहज होतं, कारण हे सगळं मोजता येतं. वर्कशॉपमध्ये तीन तास उभं राहून वीस मुलांकडून एकेक जॉब करून घेणारा माणूस या मोजपट्टीत बुटका ठरतो. मेकॅनिकलसारख्या हाताने शिकायच्या शाखेत तर हा अन्याय मोठा आहे.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर. उच्च शिक्षणातल्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी शिक्षक नियमित सेवेत हवा, किमान पाच वर्षं पूर्णवेळ शिकवलेलं हवं आणि वय ५५ च्या आत हवं. कागदावर या अटी रास्त वाटतात. पण आपल्या महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर किंवा दर वर्षी नव्या करारावर शिकवणारे किती जण आहेत, हे कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डोकावलात तर कळेल. मुलांच्या अडचणींशी सर्वात जवळचा संबंध अनेकदा याच तरुण शिक्षकांचा असतो, पण पुरस्काराच्या दारावरच ते अडतात.

तिसरा आक्षेप असा की शाल-श्रीफळाने पोट भरत नाही. बरोबर आहे. शिक्षकाला आधी वेळेवर पगार हवा आणि वर्गात आटोक्यातली मुलं हवीत. २०१८ मध्ये एआयसीटीईने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १५ ला एक होतं ते २० ला एक केलं, म्हणजे तेवढ्याच मुलांना कमी शिक्षक पुरू लागले. त्यात मुलांचा सगळा ओढा कॉम्प्युटरकडे. २०२४ पासून चांगल्या संस्थांसाठी जागांवरची मर्यादाही उठली आणि कॉम्प्युटरच्या जागा वाढवायला वाट मोकळी झाली. मेकॅनिकलचा वर्ग रिकामा राहिला की पहिली गदा शिक्षकावर येते. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे कुणाला कॉम्प्युटर घेऊ नका असं सांगणार नाही. पण कारखान्यांच्या शहरात मेकॅनिकलचे चांगले शिक्षक टिकले नाहीत तर नुकसान कुणाचं, याचा विचार व्हायला हवा.

हे आक्षेप मान्य करूनही पुरस्कार नकोत असं मी म्हणणार नाही. मोजपट्टी चुकीची असेल तर ती दुरुस्त करायला सांगावं. पास होऊन पाच वर्षं झालेल्या विद्यार्थ्यांचं म्हणणं निवडीत धरा. शिक्षक प्रत्यक्ष शिकवत असताना एक तास बसून बघा. कराराने आणि तासिकेवर शिकवणाऱ्यांना अर्ज करू द्या. या तीन मागण्या आपण एआयसीटीईकडे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आणि राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे करू शकतो. मुस्लिम संघटना फक्त मुस्लिमांच्या मागण्या घेऊन जातात हा समजही त्याने थोडा पुसला जाईल. चांगला शिक्षक ही कुणा एका समाजाची मागणी नाही.

आपले सत्कार

आता थोडं आपल्या घरात बघू. दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकपासून मालेगावपर्यंत प्रत्येक मोहल्ल्यात गुणगौरव समारंभ होतात. फ्लेक्स लागतो, त्यावर डॉ. कलामांचा फोटो असतो, मंचावर नगरसेवक आणि समाजसेवक असतात, टॉपर मुलांना ट्रॉफी आणि बॅग मिळते. हे चांगलंच आहे, बंद करू नये. पण ट्रॉफी घेणाऱ्या मुलीला "तुला गणित कुणी शिकवलं?" असं मंचावरून विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. शिक्षक बोलावले असले तर ते खाली तिसऱ्या रांगेत असतात.

गंमत अशी की ज्यांचा फोटो आपण फ्लेक्सवर लावतो, त्यांनी बरोबर उलटं केलं. कलाम आयुष्यभर आपल्या शिक्षकांची नावं घेत राहिले. रामेश्वरमचे शिवसुब्रमण्य अय्यर सर पक्षी कसा उडतो हे दाखवायला मुलांना समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेले, ही आठवण त्यांनी कितीदा सांगितली. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आपल्याला घडवणारे म्हणून प्रा. स्पाँडर, प्रा. पंडलाई आणि प्रा. नरसिंग राव यांची नावं त्यांनी 'अग्निपंख'मध्ये लिहून ठेवली. कलामांनी लिहिलं नसतं तर आज अय्यर सरांचं नाव नाशिकच्या एका मुस्लिम वाचकापर्यंत कशाला आलं असतं? आणि २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलता बोलताच कलाम गेले.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. सावित्रीबाईंसोबत शिकवणाऱ्या फातिमा शेख यांच्याबद्दल कागदपत्रं फार थोडी आहेत, म्हणून त्या होत्याच का असा वाद काढणारेही निघाले. १८५६ मध्ये सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा ओझरता उल्लेख आहे. आज आपण तो आधार म्हणून पुढे करतो. एका सहकारी बाईने सहज लिहिलेलं नाव इतक्या वर्षांनी साक्षीला उभं राहतं. फातिमाकडे शिकलेल्या मुलींपैकी कुणी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर? त्या मुलींना तशी संधी नव्हती. आपल्याकडे मोबाइल आहे, ईमेल आहे, मराठी आहे, उर्दू आहे, इंग्रजी आहे.

पत्र कसं लिहावं

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. ज्याने तुम्हाला खरोखर शिकवलं त्याच्याबद्दल एक पानाचं पत्र लिहा. "सर खूप चांगले आहेत, मनमिळाऊ आहेत" असलं नको. ते कुठल्याही अर्जाला उपयोगी पडत नाही. चार गोष्टी लिहा. कोणता विषय, कोणत्या वर्षी शिकलात. कोणती एक गोष्ट तुम्हाला कळत नव्हती आणि त्यांनी ती कशी समजावली. त्यानंतर तुमच्यात काय बदललं, पुढे ते कुठे उपयोगी पडलं. आणि वर्गाबाहेर त्यांनी तुमच्यासाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी काय केलं. तारीख आणि सही करा. एक प्रत त्यांच्या प्राचार्यांना, एक त्यांना स्वतःला. पुढे ते पुरस्कारासाठी अर्ज करोत न करोत, त्यांच्या फाईलमध्ये प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यात एक कागद असा असेल ज्यात शिकवण्याचा पुरावा आहे. सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकलात तर तिथल्या निदेशकांबद्दल लिहा. कौशल्य शिकवणाऱ्यांना केंद्राने कौशलाचार्य पुरस्कारही दिले आहेत. मेकॅनिकल शिकवणाऱ्या मॅडम आधीच कमी, त्यांच्याबद्दल तर आवर्जून लिहा. आणि ज्यांच्या हाताखाली तुम्ही पाना धरायला शिकलात त्या गॅरेजच्या उस्तादांना कुठलाच पुरस्कार नाही. त्यांच्याबद्दलचं पत्र आपल्या या अंकाकडे पाठवा.

दुसरी सूचना आपल्या चळवळीच्या कार्यकर्त्यांना. पुढच्या गुणगौरव समारंभात प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका शिक्षकाचं नाव आणि दोन ओळी मागवा, आणि सत्काराच्या वेळी त्या मंचावरून वाचा. खर्च शून्य. जमलं तर १५ सप्टेंबरला नाशिक आणि मालेगावात मिळून तंत्रशिक्षणातल्या एका शिक्षकाचा गौरव आपण सुरू करू. निवड माजी विद्यार्थ्यांच्या पत्रांवरून आणि एक तास वर्गात बसून करायची. नियमित की कंत्राटी, कॉलेज की आयटीआय, असा भेद नको.

कुणी विचारेल, आपल्या मंचावर गैरमुस्लिम शिक्षकाचा सत्कार? हो, कारण आपल्याला शिकवणाऱ्यांत अहिरे आहेत, कुलकर्णी आहेत, पाटील आहेत, शेख आहेत आणि डिसोझाही आहेत. ज्याने आपल्या मुलाला इंजिनाचं गणित समजावलं त्याला आपण मोहल्ल्यात बोलावून दोन शब्द बोलू द्यावेत आणि पहिल्या रांगेत बसवावं. मोहल्ल्यातल्या सातवी-आठवीच्या मुलांनी त्याला बघावं. नाशिकच्या कॉलेजात आपल्याला शिकवणारं कुणीतरी आहे, हे त्यांना प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी कळावं.

पत्राची सुरुवात जमत नसेल तर पहिल्या ओळीत फक्त त्यांचं पूर्ण नाव आणि विषय लिहा. पुढचं आपोआप सुचत जाईल.